सेरेब्रल पाल्सीतले खांद्याचे दुखणे आणि हाताच्या मुंग्या

सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला गर्भात, जन्माच्या वेळी किंवा अगदी लहान वयात झालेल्या इजेमुळे हालचालीत आणि शरीराच्या ठेवणीत आयुष्यभरासाठी राहणारा दोष. लंडनचे शल्यविशारद विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ मध्ये अवघड बाळंतपण आणि मुलांच्या हातापायांतला ताठरपणा यांचा संबंध मांडला, आणि त्यानंतर बरीच वर्षे या विकाराला ‘लिटलचा आजार’ म्हटले जाई. दर हजार जन्मांमागे साधारण दोन ते तीन बालकांत तो आढळतो. त्याची व्याख्या करताना वैद्यकशास्त्र एक गोष्ट आवर्जून सांगते: मेंदूची इजा एकदा झाली की पुढे वाढत नाही. पालकांना या वाक्याने धीर येतो. मात्र त्याच वाक्यातून निघणारा दुसरा अर्थ फारसा कुणी समजावून सांगत नाही. इजा वाढत नसेल, तर पस्तिशीतल्या माणसाच्या खांद्यात नव्याने सुरू झालेली कळ किंवा बोटांना येऊ लागलेल्या मुंग्या नुसत्या जुन्या इजेच्या नावावर घालता येत नाहीत. त्यांचे कारण मानेत, खांद्यात, कोपरात, मनगटात किंवा रक्तातही असू शकते, आणि ते शोधावे लागते.

हा शोध बहुतेकदा सुरूच होत नाही. सेरेब्रल पाल्सी हा लहान मुलांचा आजार, ही समजूत डॉक्टरांमध्येही खोलवर रुजलेली आहे. प्रत्यक्षात या विकाराची बहुसंख्य मुले मोठी होतात, शिकतात, नोकरी करतात, म्हातारी होतात. बालरोग विभागाची, विशेष शाळेची आणि तिथल्या फिजिओथेरपीची सोबत मात्र अठराव्या वर्षाच्या आसपास सुटते. दुखणे वाढू लागते ते त्याच्या पुढच्या वर्षांत. सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रौढांपैकी निम्म्याहून अधिक जणांना कुठे ना कुठे सततचे दुखणे असते, असे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसले आहे. कंबर, पाय आणि खुब्यानंतर मान आणि खांदे यांचा क्रम लागतो. घरात आणि दवाखान्यात ‘त्याचं पहिल्यापासून तसंच आहे’ एवढ्यावर विषय संपतो, आणि उपचार होऊ शकला असता अशी कितीतरी वर्षे हातातून जातात.

खांदा का दुखतो हे समजण्यासाठी त्याची रचना पाहावी लागते. दंडाच्या हाडाचे गोल डोके फऱ्याच्या हाडाच्या अगदी उथळ खोबणीत बसते, बशीवर लिंबू ठेवावे तसे. खुब्याच्या सांध्याला खोल वाटी असते. खांद्याला ती नाही, म्हणून हात चारी दिशांना फिरतो आणि म्हणूनच सांधा जागेवर ठेवण्याचे काम हाडांऐवजी स्नायूंना करावे लागते. सांध्याभोवतीचे चार छोटे स्नायू आणि त्यांच्या कंडरा मिळून एक वेढा तयार होतो. डॉक्टर त्याला ‘रोटेटर कफ’ म्हणतात. हात वर उचलताना हा वेढा हाडाचे डोके खोबणीच्या मधोमध धरून ठेवतो. त्याच वेळी फऱ्याचे हाड पाठीवर सरकून वर फिरते, तेव्हाच हात डोक्यापर्यंत जातो. या सगळ्या स्नायूंनी योग्य क्षणी, योग्य जोराने काम करणे हे मेंदूच्या हुकमावर अवलंबून असते, आणि सेरेब्रल पाल्सीत बिघाड आहे तो नेमका त्या हुकमात.

ताठरपणाच्या प्रकारात, म्हणजे सर्वाधिक आढळणाऱ्या स्पास्टिक प्रकारात, छातीचे आणि काखेमागचे जोरकस स्नायू दंडाला अंगाशी ओढून आतल्या बाजूला वळवतात. वर्षानुवर्षे हात असाच राहिला की ते स्नायू आखूड होतात आणि सांध्याचे आवरण आकसते. मग सदरा घालताना किंवा काख धुताना हात थोडा जरी बाहेर ओढला तरी कळ येते. पाठीला बाक असेल, विशेषतः कणा एका बाजूला वळला असेल, तर फऱ्याचे हाड आपली जागा सोडते आणि हात उचलताना कंडरा वरच्या हाडाखाली घासली जाते. अनैच्छिक हालचालींच्या प्रकारात अडचण वेगळी असते. तिथे हात सतत पिळला जातो, झटके बसतात, सांध्याचे अस्थिबंध सैल पडतात आणि काही जणांत दंडाचे हाड खोबणीतून अर्धवट निसटू लागते.

याच्या जोडीला कामाचा भार येतो. पाय साथ देत नसतील तर हातांनाच पाय व्हावे लागते. कुबड्यांवर शरीराचे वजन तोलणे, व्हीलचेअरची चाके ढकलणे, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून कमोडवर सरकताना दोन्ही तळहातांवर अंग उचलणे, ही कामे दिवसातून शेकडो वेळा होतात. आपल्याकडे सरकारी योजनेतून मिळणारी हाताने चालवायची तीनचाकी सायकल रस्त्यावर उपयोगी पडते, पण चढावर तिचा सगळा जोर खांद्यांवर येतो. गावाकडच्या घरांत, जिथे खुर्ची उंबरठा ओलांडू शकत नाही, तिथे अनेक जण जमिनीवर हात टेकून, अंग ओढत फिरतात. ज्यांची एकच बाजू आखडलेली आहे त्यांचा ‘चांगला’ हात दोन हातांचे काम करतो, आणि पुढे तोच आधी थकतो. मुंबईच्या मालिनी चिब यांच्या आत्मकथनाचे नाव ‘वन लिटल फिंगर’ आहे, कारण त्या एका बोटाने टंकलेखन करतात. अशा एका बोटाला कीबोर्डवर नेमक्या जागी आणण्यासाठी खांदा, मान आणि पाठ यांना किती वेळ ताणून धरावे लागत असेल, याची कल्पना बाहेरच्या माणसाला येत नाही.

आणखी एक कारण घरातच असते आणि ते टाळता येण्याजोगे आहे. मुलाला किंवा मोठ्या माणसाला उठवताना बखोटीला धरून, किंवा हाताला धरून ओढून वर घेण्याची पद्धत सर्रास दिसते. ज्याच्या खांद्याचे स्नायू कमजोर किंवा असमान आहेत त्याच्या सांध्यावर या एका ओढीने संपूर्ण शरीराचे वजन येते. उचलताना एक हात पाठीमागून छातीभोवती आणि दुसरा मांड्यांखाली, किंवा कमरेला रुंद पट्टा बांधून त्या पट्ट्याला धरून, अशी पद्धत सांध्याला सुरक्षित असते. ती कोणताही फिजिओथेरपिस्ट अर्ध्या तासात शिकवू शकतो आणि घरातल्या प्रत्येकाने ती शिकावी. आई एकटीच उचलणारी असेल तर तिच्या कमरेसाठीही हे तितकेच गरजेचे आहे.

मुंग्या ही मात्र खांद्याच्या दुखण्याहून निराळी तक्रार आहे, जरी दोन्ही एकाच हातात असल्या तरी. कंडरा झिजली किंवा सांधा आखडला तर दुखते, हात वर जात नाही, त्या कुशीवर झोपता येत नाही. मुंग्या, बधिरपणा, झिणझिण्या, आग होणे ही बहुतेकदा मज्जातंतूची भाषा आहे. मानेच्या खालच्या भागातून आणि छातीच्या पहिल्या मणक्याजवळून निघणाऱ्या पाच मुळांचे जाळे कॉलर बोनच्या मागून, काखेतून हातात उतरते. या वाटेवर तंतू कुठे दाबला गेला आहे हे बऱ्याचदा बोटांवरून सांगता येते. करंगळी आणि तिच्या बाजूचे अर्धे बोट बधिर होत असेल तर कोपराच्या आतल्या बाजूचा तंतू दाबला जात असण्याची शक्यता मोठी. व्हीलचेअरच्या कडक हातावर तासन् तास कोपर टेकवून बसणाऱ्यांत आणि कोपर सतत घट्ट वाकलेले राहणाऱ्यांत हे घडते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना रात्री मुंग्या येऊन जाग येत असेल, हात झटकल्यावर बरे वाटत असेल, तर मनगटातल्या बोगद्यात तंतू दाबला जातो आहे असे समजावे. याचे नाव ‘कार्पल टनेल सिंड्रोम’. मनगट मागे वाकवून चाके ढकलणे, कुबडीच्या मुठीवर वजन टाकणे, किंवा ताठरपणामुळे मनगट कायम आत वळलेले असणे, या तिन्हींमुळे तो होतो. काखेत अडकवायच्या कुबडीवर अंग लोंबकळत ठेवण्याची सवय असेल तर काखेतलाच तंतू दाबला जातो आणि मनगट उचलता येईनासे होते. कुबडीचे वरचे टोक आणि काख यांच्यात दोन-तीन बोटे जागा हवी आणि वजन मुठीवर यायला हवे, हा साधा नियम आहे. कोपराला पकडणाऱ्या कुबड्यांत हा धोका नसतो.

सर्वांत गंभीर कारण मानेत असते, आणि तेच सर्वांत उशिरा ध्यानात येते. अनैच्छिक हालचालींच्या प्रकारात मान दिवसभर वळते, झटके देते, मागे फेकली जाते. मानेच्या सात मणक्यांमधल्या चकत्या एवढी हालचाल वर्षानुवर्षे सोसण्यासाठी बनलेल्या नाहीत. जपानमधल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी १९९६ मध्ये अशा १८० रुग्णांच्या मानेच्या क्ष-किरण चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यापैकी ५१ टक्के जणांत चकत्यांची मोठी झीज होती. सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत हे प्रमाण आठपट होते, आणि झीज कमी वयात सुरू होऊन वेगाने वाढत होती. मानेच्या मधल्या भागात मणके एकमेकांवरून सरकत होते. चौथ्या-पाचव्या मणक्यापाशी तर मज्जारज्जूची नळीच मुळात अरुंद आढळली. अरुंद नळी, सरकणारे मणके आणि न थांबणारी हालचाल या तिन्हींच्या मध्ये मज्जारज्जू सापडतो. इतरांना साठीच्या पुढे होणारा हा त्रास इथे तिशी-चाळिशीतच गाठू शकतो.

सुरुवात साधी असते. मान दुखते, खांद्यात कळ जाते, एका किंवा दोन्ही हातांना मुंग्या येतात. मग कपातला चहा सांडू लागतो, सदऱ्याचे बटण लागत नाही, पूर्वी जमणारी सही वाकडी येते. पाय अधिक ताठ होतात, आधाराने चालणारा माणूस खुर्चीत बसतो. मान पुढे वाकवल्यावर पाठीतून खाली शॉक बसल्यासारखी झिणझिणी जाणे हे मज्जारज्जूवर दाब असल्याचे जुने, ओळखीचे लक्षण आहे. लघवी रोखता न येणे किंवा अडकणे हे त्याच्याही पुढचे. यातले बरेचसे सेरेब्रल पाल्सीच्या नेहमीच्या लक्षणांसारखे दिसते, आणि घात इथेच होतो. मज्जारज्जू दाबला गेल्याने येणारा पायांचा ताठरपणा आणि मेंदूच्या जुन्या इजेचा ताठरपणा तपासणीच्या टेबलावर जवळजवळ सारखाच भासतो. फरक कळतो तो काळावरून. गेल्या वर्षी जे जमत होते ते आज जमत नसेल, तर तो नवा आजार आहे असे धरून मानेचा एमआरआय व्हायलाच हवा, आणि हातांची ताकद घटत असेल किंवा लघवीत बदल असेल तर दिवस न घालवता.

याच कारणाने मान मोडून घेणे या मंडळींसाठी धोक्याचे आहे. केस कापल्यावर न्हाव्याने मानेला दिलेला झटका, हाडवैद्याचे ओढणे, जोरदार मालिश, यांतले काहीही अस्थिर मणक्यांना सहन होईलच असे नाही. खांदा भरून आला की ओळखीतले कुणीतरी हा उपाय हमखास सुचवते, म्हणून हे स्पष्ट सांगितलेले बरे.

मुंग्यांची काही कारणे सेरेब्रल पाल्सीशी संबंध नसलेली, पण आपल्याकडे फार आढळणारी आहेत. मधुमेह आणि थायरॉईडचे विकार त्यांत आहेतच, पण पहिला मान ‘बी-१२’ या जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा. पुण्यात मध्यमवयीन पुरुषांच्या एका अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश जणांत ते कमी आढळले होते. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे आणि मांस यांतूनच मिळते. चावायला-गिळायला त्रास होत असल्यामुळे ज्यांचा आहार पेज, वरणभात आणि मऊ खिचडी एवढाच उरतो, त्यांना ते आणखी कमी पडते. फिट्ससाठी अनेक वर्षे फेनिटॉइन घेणाऱ्यांत त्या औषधामुळेही तंतूंवर परिणाम होऊ शकतो. अशा मुंग्या सहसा दोन्ही पायांच्या तळव्यांपासून सुरू होतात, एकाच हातात राहत नाहीत. रक्ताची साधी तपासणी इथे पुरेशी असते, म्हणून ती सुरुवातीलाच करून घ्यावी. डाव्या खांद्यात दडपल्यासारखे दुखणे, सोबत घाम आणि धाप असेल, तर मात्र सांध्याचा विचार बाजूला ठेवून हृदयासाठी तातडीने रुग्णालय गाठावे.

ज्यांना बोलता येत नाही किंवा ज्यांचे बोलणे परक्याला कळत नाही, त्यांच्या बाबतीत दुखणे ओळखणे हेच मोठे काम असते. अशा माणसाचा ताठरपणा अचानक वाढणे, झोप उडणे, जेवण टाकणे, कपडे घालताना चेहरा आक्रसणे, एक हात वापरणे बंद करणे, विनाकारण चिडणे या सगळ्याकडे दुखण्याची खूण म्हणून पाहावे. दुखण्याने स्नायू आवळतात आणि आवळलेले स्नायू आणखी दुखतात, त्यामुळे वाढलेला ताठरपणा हा कारण आणि परिणाम दोन्ही असू शकतो. प्रश्न रुग्णालाच विचारावा आणि उत्तरासाठी वेळ द्यावा. डोळ्यांनी, मानेने किंवा चित्रांच्या तक्त्यावर बोट ठेवून ‘कुठे’ आणि ‘केव्हा’ हे बरेच जण नेमके सांगतात. शरीर धड चालत नाही म्हणजे बुद्धीही चालत नाही, असे धरून फक्त सोबत आलेल्या नातेवाइकाशी बोलणारा डॉक्टर अर्धी माहिती गमावतो.

तपासण्यांतही अडचणी येतात. एमआरआयच्या यंत्रात अर्धा तास निश्चल पडणे अनैच्छिक हालचालींच्या रुग्णाला शक्य नसते, म्हणून गुंगी किंवा भूल द्यावी लागते आणि त्यासाठी भूलतज्ज्ञाची आधीच व्यवस्था करावी लागते. खांद्याच्या कंडरांसाठी सोनोग्राफी सोपी पडते, कारण हात हलला तरी ती पुन्हा करता येते. तंतू कोपरात दाबला आहे की मनगटात, हे नसांच्या वहनाच्या तपासणीतून कळते.

उपचाराची सुरुवात औषधापेक्षा बसण्यापासून करणे शहाणपणाचे. ओटीपोट सरळ आणि स्थिर बसले नाही तर कणा वाकतो, कणा वाकला की फरे पुढे येतात, आणि मग खांद्याला कितीही शेक दिला तरी दुखणे परत येते. खुर्चीची रुंदी, पाठीचा आणि मानेचा आधार, खुर्चीच्या हातांची उंची आणि मऊपणा हे माणसाच्या मापाने ठरवावे लागते. हात चाकाच्या वरच्या बिंदूवर असताना कोपर काटकोनापेक्षा थोडे अधिक उघडे असावे, आणि छोट्या-छोट्या घाईच्या ढकलण्यांऐवजी लांब, सावकाश ढकलणे असावे, यामुळे खांद्यांचे श्रम कमी होतात. दानात मिळालेली, दोन मापे मोठी खुर्ची माणसाला हलते करते पण त्याचे खांदे खाते. लांबच्या अंतरासाठी बॅटरीवरची खुर्ची वापरणे म्हणजे हार मानणे, असे काही कुटुंबांना आणि काही थेरपिस्टांनाही वाटते. ते चुकीचे आहे. चालण्यासाठी आणि ढकलण्यासाठी या शरीराला इतरांपेक्षा कितीतरी जास्त शक्ती खर्चावी लागते, आणि ती कुठे वापरायची हे ठरवण्याचा अधिकार त्या माणसाचा आहे.

फिजिओथेरपीत आखडलेले स्नायू हळूहळू ताणणे आणि फऱ्याभोवतीचे कमजोर स्नायू बळकट करणे, या दोन्हींचा मेळ घालावा लागतो. झटक्याने ताणल्यास ताठर स्नायू उलट आवळतो. शेक उपयोगी आहे, पण जिथे बधिरपणा आहे तिथे गरम पिशवीने भाजल्याचे कळत नाही, म्हणून तिथली उष्णता दुसऱ्या कुणीतरी हाताने तपासावी. मनगटाला रात्री सरळ ठेवणारी पट्टी आणि कोपराखाली मऊ गादी एवढ्यानेही सौम्य मुंग्या कमी होतात. ठरावीक स्नायूंत बोट्युलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन दिल्यास तीनेक महिने ताठरपणा उतरतो, आणि व्यायामाचा खरा लाभ या काळातच उठवायचा असतो. बॅक्लोफेन सर्वांगाचा ताठरपणा कमी करते, पण ते एकाएकी बंद करू नये, कारण फिट्स आणि भ्रम होऊ शकतात. मज्जातंतूच्या वेदनेसाठी दिली जाणारी गॅबापेंटिनसारखी औषधे सुस्ती आणतात आणि तोल बिघडवतात. आधीच तोल सांभाळत चालणाऱ्याला ती कमी मात्रेने सुरू करावी लागतात, आणि फिट्सच्या चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवावी लागते.

मज्जारज्जू दाबला जात असेल तर शस्त्रक्रियेचा विचार लांबवू नये. नळी मोकळी करणे हा तिचा एक भाग, आणि बहुतेकदा मणके स्क्रू व सळ्यांनी एकमेकांना जोडणे हा दुसरा. मानेची अनैच्छिक हालचाल शस्त्रक्रियेनंतरही चालूच राहते आणि हाड जुळण्याआधी जोड सैल करू शकते. म्हणून काही ठिकाणी आधीच मानेच्या स्नायूंत बोट्युलिनम टॉक्सिन देतात आणि नंतर काही आठवडे भक्कम बाह्य आधार ठेवतात. नुसता मऊ पट्टा या हालचालीपुढे टिकत नाही. दाब हटल्याने पुढचे नुकसान थांबते आणि दुखणे बरेच कमी होते. गेलेली ताकद किती परत येईल हे दाब किती काळ होता यावर अवलंबून असते.

दाखवायचे कुणाला, हा प्रश्न उरतो. अस्थिरोगतज्ज्ञ, न्यूरॉलॉजिस्ट आणि थेरपिस्ट यांना एकत्र आणणारा डॉक्टर म्हणजे पुनर्वसनतज्ज्ञ, म्हणजेच ‘फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन’ विभागाचा. मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून याच विषयाची केंद्र सरकारी संस्था आहे. जाताना औषधांची यादी, जुने क्ष-किरण आणि शक्य असेल तर एक-दोन वर्षांपूर्वीचे मोबाइलवरचे चित्रीकरण न्यावे, जेवताना, चालताना किंवा लिहितानाचे. बदल किती आणि केव्हापासून, हे त्यातून तपासणीपेक्षाही लवकर दिसते. सेरेब्रल पाल्सी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नोंदलेली आहे, आणि १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालच्या ‘निरामय’ योजनेत अशा व्यक्तीला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते. त्यात बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीचाही समावेश आहे, आणि ती प्रौढांनाही लागू आहे.